मुल्ला ओमरचं मरण दोन वर्षं लपवलं, मग ओसामाचंही लपवलं नसेल कशावरून?

घोडबंदरकर

नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा मदत करा. मी रोज ठाण्याहून ट्रान्सहार्बरनं तुर्भ्याला जातो, ठरलेला डबा, ठरलेली माणसं, आणि सध्या ऐरोली येईपर्यंत दुसरा विषयच नाही. एकानं फॉरवर्ड टाकला की ओसामा बिन लादेन डिसेंबर २००१ मध्येच किडनी फेल होऊन मेला, अमेरिकेला ते माहीत होतं, आणि २ मे २०११ ला पाकिस्तानात एबटाबादला अमेरिकन छाप्यात त्याला मारल्याचं जे सांगतात ते नुसतं दाखवण्यापुरतं, म्हणूनच बॉडी घाईघाईत समुद्रात सोडली आणि फोटो आजपर्यंत बाहेर येऊ दिला नाही. असले फॉरवर्ड मी एरवी उघडत पण नाही. पण मग दुसरा एक जण म्हणाला, अरे तालिबानचा प्रमुख मुल्ला ओमर एप्रिल २०१३ ला मेला आणि तालिबाननं जुलै २०१५ पर्यंत कोणाला कळू दिलं नाही, मेलेल्या माणसाच्या नावानं ईदचे संदेश निघत होते, आणि हे तर तालिबाननं स्वतःच कबूल केलंय, मग ओसामाचं तसंच झालं नसेल कशावरून? याला मला काही बोलता आलं नाही. घरी येऊन बघितलं तर मुल्ला ओमरचं खरंच तसं झालंय.

तर प्रश्न असा की एक लपवलेलं मरण खरं निघालं तर दुसरी गोष्ट खोटी हे ठरवायचं कशावरून? "अमेरिका म्हणाली म्हणून" हे उत्तर नको आणि "सगळे विकले गेलेत" हेही नको. मुलगा अकरावीला आहे, तो पण हेच विचारतोय, त्याला मला नीट सांगायचंय.

एपीएमसीवाला

साधा विचार करा भाऊ. ज्याच्यासाठी अख्खं अफगाणिस्तान उकरलं, अडीच कोटी डॉलरचं बक्षीस लावलं, तो सापडतो आणि चोवीस तासांच्या आत समुद्रात? सद्दामला पकडला तेव्हा डॉक्टर त्याचं तोंड उघडून तपासतोय हा व्हिडिओ जगाला दाखवला, त्याच्या दोन्ही पोरांच्या मृतदेहांचे फोटो २००३ मध्ये त्यांनीच जाहीर केले, मग यालाच झाकायचं काय कारण? आणि स्टोरी पण लगेच बदलली. पहिल्या दिवशी सांगितलं की त्यानं गोळीबार केला, बायकोला ढाल केली, दुसऱ्या दिवशी व्हाइट हाऊसच म्हणतं त्याच्याकडे शस्त्र नव्हतं आणि बायकोला ढाल वगैरे केलं नव्हतं. डिसेंबर २००१ ला इजिप्तच्या पेपरात दफनाची बातमी छापून आली होती, जानेवारी २००२ ला खुद्द मुशर्रफ सीएनएनवर म्हणाले की तो किडनीचा पेशंट आहे, मेला असणार. बेनझीर भुट्टो नोव्हेंबर २००७ ला अल जझीरावर बोलून गेल्या की उमर शेखनं ओसामाला मारलं, आणि पुढच्याच महिन्यात त्यांचा खून झाला. एवढी मोठी माणसं उगाच बोलतात का? मला कोणाची बाजू घ्यायची नाही, उत्तरं हवीत.

कळव्याचा_टेक्निशियन

किडनीवर मी बोलतो, माझं रोजचं काम तेच आहे, ठाण्यात एका डायलिसिस सेंटरला आहे. लोकांना वाटतं मशीन उचललं, खेचरावर टाकलं आणि गुहेत नेऊन लावलं. तसं नसतं हो. ज्याच्या किडन्या पूर्ण बंद पडल्यात त्याला आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास मशीनवर घ्यावं लागतं. मिनिटाला ५०० मिली डायलिसेट, म्हणजे रक्त साफ करायचं द्रावण, जातं, म्हणजे एका पाळीला फक्त त्याचंच १२० लिटर पाणी, आणि ते नळाचं चालत नाही, आरओचंच लागतं, पाण्यात क्लोरीन राहिलं तर पेशंटच्या लाल पेशी फुटतात. मध्येच लाइट गेली तर मशीनची बॅटरी थोडा वेळ रक्त फिरतं ठेवते, तेवढ्यात जनरेटर नाही लागला तर आम्ही पंपाचं हँडल हातानं फिरवून रक्त परत देतो, घाम फुटतो त्या पाच मिनिटांत. डायलायझर म्हणजे रक्ताची गाळणी, ट्यूबिंग, रक्त गोठू नये म्हणून हेपरिन, हे सगळं दर वेळी लागणार. आणि पेशंटच्या दोन-तीन पाळ्या चुकल्या की पोटॅशियम चढतं, छातीत पाणी भरतं, पावसात गाड्या बंद पडल्या की दिव्याचे-डोंबिवलीचे पेशंट कसे धापा टाकत पोचतात ते मी बघतो.

त्यामुळं ओसामा खरंच डायलिसिसवर असता तर अफगाणिस्तानात तोरा बोराच्या डोंगरात बॉम्ब पडत असताना थोडे दिवसच निघाले असते, इथपर्यंत एपीएमसीवाल्यांचं बरोबर. पण तो तर ऑक्टोबर २००४ ला, अमेरिकन निवडणुकीला चार दिवस असताना, बुश आणि केरी दोघांची नावं घेऊन व्हिडिओत बोलतोय. मग निष्कर्ष एकच निघतो की तो डायलिसिसवर नव्हता. किडनीचा त्रास असणं आणि डायलिसिसवर असणं यात फार मोठं अंतर आहे, खडे झालेली माणसं वर्षानुवर्षं हिंडतात फिरतात. मुशर्रफनी त्याच मुलाखतीत दोन मशीनं अफगाणिस्तानात नेल्याचं सांगितलं होतं, आणि मेला असणार हे त्यावरून बांधलेलं होतं. एबटाबादच्या घरात डायलिसिसचं मशीन सापडल्याची बातमी मी तरी कुठं वाचलेली नाही.

नौपाडा_वाचनकट्टा

घोडबंदरकर, प्रश्न चांगला विचारलात, सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

मुल्ला ओमरचं मरण कोणी लपवलं? त्याच्याच माणसांनी. कारण सरळ होतं, त्याच्या नावावर सगळे गट एकत्र बांधलेले होते आणि २०१३-१४ हा परदेशी फौजा परत जायचा काळ होता, अशा वेळी अमीर, म्हणजे प्रमुख, गेला हे कळलं असतं तर फूट पडली असती. नंतर तालिबाननंच सांगितलं की २३ एप्रिल २०१३ ही तारीख काही मोजक्या लोकांनाच माहीत होती. एप्रिल २०१५ मध्ये त्यांनी त्याचं चरित्र प्रसिद्ध केलं तेही तो हयात असल्यासारखं. पण ही लपवालपवी चालली कशी ते बघा. संदेश सगळे लेखी. आवाज नाही, चेहरा नाही. माणसं विचारायला लागली, कुजबुज वाढली, २९ जुलै २०१५ ला अफगाण सरकारनं जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी तालिबानला मान्य करावं लागलं. आणि मान्य केल्याबरोबर ज्याची भीती होती तेच झालं, ओमरचा मुलगा आणि भाऊ दोघेही आधी नव्या अमीराला, मुल्ला मन्सूरला मानायला तयार नव्हते, आणि नोव्हेंबरपर्यंत एक गट फुटून बाहेर पण पडला. म्हणजे लपवणारे एका बाजूचे, त्यांना लपवायचा फायदा, आणि तरी सव्वादोन वर्षांत फुटलंच.

आता ओसामाचं बघा. तो २००१ ला मेला असं धरलं तर लपवलं कोणी? अल कायदानं आपल्या फायद्यासाठी लपवलं असं क्षणभर मानू. मग २०११ ला अमेरिका म्हणाली आम्ही मारला, तेव्हा अल कायदाकडे अमेरिकेला सगळ्या जगासमोर खोटं पाडायची आयती संधी होती. त्यांनी काय केलं? ६ मे ला, चार दिवसांत, मान्य केलं की आमचा शेख गेला आणि सूड घेऊ म्हणून धमकी दिली. ओसामाच्या हाताखालच्या झवाहिरीला प्रमुख म्हणून जाहीर केलं १६ जून २०११ ला. १३ मे ला पाकिस्तानात चारसद्द्याजवळ शबकदरला निमलष्करी दलाच्या ट्रेनिंग सेंटरबाहेर स्फोट झाले, ऐंशीहून जास्त माणसं मेली, त्यात बरीचशी सुट्टीवर घरी निघालेली नवीन भरतीची पोरं होती, आणि पाकिस्तानी तालिबाननं सांगितलं की हा ओसामाचा बदला आहे. जो माणूस दहा वर्षांपूर्वी मेलाय त्याच्यासाठी कोण कशाला बदला घेईल?

पाकिस्तानचं घ्या. त्यांची सगळ्यात जास्त बेअब्रू झाली, काकुलच्या मिलिटरी अकादमीपासून जेमतेम एक किलोमीटरवर हा माणूस वर्षानुवर्षं राहतो, परदेशी हेलिकॉप्टर येतात, चाळीस मिनिटं थांबतात आणि निघून जातात. "तो इथं नव्हताच" हे वाक्य त्यांना सगळ्यात सोयीचं होतं. ते तसं बोलले नाहीत. त्यांनी त्याच्या तीन बायका आणि मुलं ताब्यात घेतली, चौकशी आयोग नेमला, बायकांचे जबाब घेतले, एप्रिल २०१२ ला त्यांना सौदीला पाठवलं आणि घर पाडून टाकलं. आयोगाचा अहवाल दाबून ठेवला होता, तो २०१३ मध्ये अल जझीरानं फोडला, त्यात तो अंगणात फिरताना वरून ओळखू येऊ नये म्हणून काउबॉय हॅट घालायचा इथपर्यंत बारीक गोष्टी आहेत. धाकटी बायको अमल पायाला गोळी लागून जखमी झाली होती, ती तिथं त्या खोलीत होती.

आणि आवाज. २००७ च्या व्हिडिओत तो फ्रान्सचे सार्कोझी आणि ब्रिटनचे गॉर्डन ब्राउन यांची नावं घेतो, ते दोघं त्याच वर्षी मे-जूनमध्ये सत्तेवर आले. जानेवारी २०१० च्या ऑडिओत आदल्या महिन्यात ख्रिसमसला डेट्रॉइटच्या विमानात झालेल्या हल्ल्याच्या प्रयत्नाबद्दल बोलतो. त्या घरातून नेलेल्या कागदांतली जी पत्रं २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली ती सप्टेंबर २००६ पासून एप्रिल २०११ पर्यंतची आहेत, आणि २०१७ ला सीआयएनं जवळजवळ ४ लाख ७० हजार फायली सोडल्या त्यात एक हस्तलिखित वही आहे, तिच्यात ट्युनिशिया, इजिप्त, लिबियातल्या उठावांवर घरात रोज काय बोलणं झालं ते आहे. ते उठाव २०११ चे. ओमरच्या बाबतीत नेमकं हेच नव्हतं, ताज्या घडामोडीवर बोलणारा त्याचा स्वतःचा आवाज.

बेनझीर यांचं राहिलं. उमर शेख म्हणजे विमान अपहरणात आपल्याला कंदहारला डिसेंबर १९९९ मध्ये सोडावा लागला तोच. पत्रकार डॅनियल पर्लच्या खुनात त्याला २००२ मध्ये शिक्षा झाली होती आणि तेव्हापासून तो तुरुंगात होता. बहुतेकांचं मत असं की त्यांना पर्लचं नाव घ्यायचं होतं आणि तोंडून ओसामा आलं. त्यानंतरही त्या ओसामाबद्दल तो जिवंत असल्यासारखंच बोलत होत्या, हे फॉरवर्डमध्ये कोणी टाकत नाही.

खारघर_सेक्टर१२

वरच्यात थोडी भर. या सगळ्या मरणाच्या बातम्या शेजारी शेजारी ठेवून बघा. इजिप्तच्या पेपरात फुफ्फुसाचा आजार. मुशर्रफ म्हणतात किडनी. सप्टेंबर २००६ ला फ्रान्सच्या एका पेपरात गुप्तचर खात्याचा कागद फुटला त्यात टायफॉइड, तोही ऑगस्ट २००६ मध्ये. बेनझीर म्हणतात खून. एकच माणूस चार कारणांनी, चार वेळा मेला. फॉरवर्डवाला या चारही गोष्टी एकाखाली एक लावतो आणि "बघा किती पुरावे" म्हणतो, पण त्या एकमेकींना आधार देत नाहीत, एक खरी मानली की बाकीच्या तीन खोट्या ठरतात.

२०१२ मध्ये इंग्लंडच्या केंट विद्यापीठातल्या लोकांनी यावर अभ्यास केला होता, त्यात दिसलं की छाप्याच्या आधीच ओसामा मेला होता हे ज्यांना जास्त पटतं त्यांनाच तो अजून जिवंत आहे हेही जास्त पटतं. नंतर दुसऱ्या संशोधकांनी त्यावर आक्षेप घेतला की दोन्ही गोष्टी न मानणारेच जास्त असल्यामुळं आकडे तसे दिसतात, तो आक्षेप मला बराच पटतो, त्यामुळं शंका घेणारा प्रत्येक जण गोंधळलेला असतो असं मी म्हणणार नाही.

पण एक नक्की, खोट्या मरणाच्या बातम्या लपवलेल्या मरणापेक्षा कितीतरी जास्त निघतात. पाकिस्तानी तालिबानचा प्रमुख हकीमुल्ला महसूद जानेवारी २०१० ला मेला म्हणाले, मे मध्ये व्हिडिओत आला, खरा मेला नोव्हेंबर २०१३ ला. आयसिसचा प्रमुख बगदादी, त्याला रशियानं जून २०१७ मध्ये बहुतेक मारला म्हणून सांगितलं, तो एप्रिल २०१९ ला कॅमेऱ्यासमोर बसलेला दिसला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सीरियात इदलिबला मेला. त्यालाही समुद्रातच सोडला, त्याचाही फोटो नाही, पण आयसिसनं थोड्याच दिवसांत कबूल केलं आणि वाद संपला.

नेरूळचा_खलाशी

समुद्रात दफन हा माझ्या धंद्यातला विषय, मर्चंट नेव्हीत चीफ ऑफिसर म्हणून रिटायर झालो. आजकाल व्यापारी जहाजावर कोणी गेलं तर बॉडी पुढच्या पोर्टपर्यंत थंड खोलीत ठेवतात, पण समुद्रात सोडायची वेळ आली तर त्याची रीत आहे, लॉगबुकात वेळ आणि अक्षांश-रेखांश, कॅप्टनची सही, साक्षीदार. ओसामाच्या वेळी कार्ल विन्सन या अमेरिकन युद्धनौकेवर जे झालं त्याचं वर्णन पेंटॅगॉननं दिलंय, अंघोळ घातली, पांढऱ्या कापडात गुंडाळलं, वजन लावलेल्या पिशवीत ठेवलं, एका अधिकाऱ्यानं प्रार्थना वाचली ती दुसऱ्यानं अरबीत सांगितली, सपाट फळीवर ठेवून फळी तिरकी केली. हे सगळं उत्तर अरबी समुद्रात, ज्या समुद्रातून आमची जहाजं न्हावा-शेव्याला येतात. त्यांच्याकडे आपल्या माहिती अधिकारासारखा कायदा आहे, त्याखाली नोव्हेंबर २०१२ ला नौदलाच्या ईमेल बाहेर आल्या, बऱ्याच काळ्या केलेल्या, पण त्यात स्पष्ट आहे की मोजक्या अधिकाऱ्यांशिवाय जहाजावरच्या कोणी ते बघितलं नाही.

आणि इथं माझा अमेरिकेवर राग आहे, मनापासून सांगतो. इतक्या मोठ्या गोष्टीला बाहेरचा एक तरी साक्षीदार हवा होता. कबर झाली असती तर तिथं लोक जमले असते, हे त्यांचं म्हणणं मला समजतं. अल अझहरच्या प्रमुखांनी तर धर्माच्या बाजूनंही आक्षेप घेतला होता की अगदी नाइलाज असल्याशिवाय समुद्रात दफन बरोबर नाही. पण फोटोबद्दल एपीएमसीवाल्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, ते फोटो कोणीच बघितले नाहीत असं नाही. ओबामांच्या विरोधी पक्षाचे सिनेटर जेम्स इनहोफ यांनी त्याच मे महिन्यात सीआयएत जाऊन बघितले आणि बाहेर येऊन तो ओसामाच होता असं सांगितलं. विरोधकाला खोटं पकडून द्यायचं असतं तर तिथंच दिलं असतं. पुढं फोटो खुले करा म्हणून एका संस्थेनं कोर्टात केस केली आणि मे २०१३ मध्ये अपील कोर्टानं सरकारची बाजू उचलून धरली. आणि पहिल्या दिवशी टीव्हीवर जो रक्तबंबाळ चेहरा फिरला तो खोटा होता, १९९८ च्या एका फोटोवर दुसऱ्याचा मृत चेहरा चिकटवलेला. खरा फोटो दडवला म्हणून खोट्याला जागा मिळाली, हे त्यांचंच पाप.

मुलुंड_ते_वाशी

मी जरा वेगळं बोलते. मार्च २००३ ला मुलुंडला लोकलमध्ये स्फोट झाला तो लेडीज फर्स्ट क्लासच्या डब्यात, आमच्या ऑफिसमधली एक जण त्या गाडीत होती, ती वाचली पण आवाजाला आजही दचकते. अशा माणसांसमोर कोणी "अमका मेलाच नाही" नाहीतर "अमका कधीच मेला होता" म्हणायला लागलं की मला सहन होत नाही. आपल्याकडे दाऊदचं हेच चालतं. जून २०२० ला कोरोनानं मेला, डिसेंबर २०२३ ला कराचीत विष घातलं, त्या दिवशी माझ्या फोनवर दर पाच मिनिटाला तेच, लोक एकमेकांना अभिनंदन करत होते. १२ मार्च १९९३ ला २५७ माणसं गेली. प्रत्येक अफवेनं असं वाटतं की विषय मिटला, आणि त्याला परत आणून कोर्टात उभा करायची मागणी तेवढी थंड पडते. अफवेचा फायदा कोणाला होतो ते यातून बघा.

एपीएमसीवाला

ताई तुमचं दुःख मान्य आहे, त्याला माझा विरोध नाही. पण सेमूर हर्शचं काय? तो साधा माणूस नाही, व्हिएतनाम युद्धातलं माय लाय हत्याकांड बाहेर काढणारा पत्रकार आहे, त्यानं मे २०१५ ला लिहिलं की अमेरिकेची सगळी गोष्ट खोटी.

नौपाडा_वाचनकट्टा

हर्श यांचा लेख पूर्ण वाचा, फॉरवर्डमध्ये अर्धाच येतो. त्यांचं म्हणणं असं की ओसामा २००६ पासून आयएसआयच्या ताब्यात होता, पाकिस्तानातल्याच एका अधिकाऱ्यानं बक्षिसासाठी खबर दिली, आणि लष्करप्रमुखांना छाप्याची आधी कल्पना होती. व्हाइट हाऊसनं हे नाकारलं, बऱ्याच पत्रकारांनी प्रश्न काढले, काही तुकडे काहींना शक्य वाटतात. समुद्रातल्या दफनावरही त्यांनी शंका घेतलीय. पण तो कुठं मेला, कधी मेला आणि कोणी मारला यावर हर्शही तेच सांगतात, एबटाबाद, मे २०११, अमेरिकन नौदलाचे सील कमांडो. पाकिस्तानला किती माहीत होतं यावर वाद जरूर घाला, तो वाद खरा आहे. पण तो २००१ ला मेला या म्हणण्याला हर्श यांचा आधार घेता येणार नाही.

दिघ्याची_आरोग्यसेविका

एवढी चर्चा झाली आणि या प्रकरणात खरंच जे गुपचूप केलं गेलं त्याचं नाव कोणी काढलं नाही म्हणून लिहिते. डॉ. शकील आफ्रिदी. सीआयएनं त्याच्याकडून एबटाबादमध्ये हेपॅटायटिस बी च्या लसीची मोहीम काढून घेतली, हेतू हा की त्या घरातल्या मुलांचा डीएनए मिळावा. जुलै २०११ ला हे पेपरात आलं. यात फोटो लपवलेला नाही, अंदाज नाही, अमेरिकन अधिकाऱ्यांनी नंतर मान्य केलेली गोष्ट आहे. त्याचे भोग कोणी भोगले? डिसेंबर २०१२ ला कराची आणि पेशावरकडे पोलिओचे डोस द्यायला गेलेल्या बायकांना गोळ्या घातल्या, आमच्यासारख्याच, खांद्याला लसीची पेटी, दारोदार फिरणाऱ्या. लसीला आधीपासून विरोध होताच, पण आता विरोध करणाऱ्यांच्या हातात खरं कारण आलं. मे २०१४ ला व्हाइट हाऊसनं लेखी दिलं की सीआयए यापुढं लसीकरणाचा असा वापर करणार नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं होतं आणि पाकिस्तानात पोरं पांगळी होत होती.

मी झोपडपट्टीत डोस द्यायला जाते तेव्हा कधी कधी आई दारातच अडवते, हे कशाला, कोणी पाठवलं. मी बाटलीवरच्या गोलातला चौकोन दाखवते, तो बाहेरच्या गोलापेक्षा फिका असला की लस चांगली, रजिस्टर दाखवते, मग ती बाळाला पुढं करते. हा विश्वास मिळवायला आम्हाला वर्षं लागलीत, आणि तिकडं तो एका घरातल्या डीएनएसाठी खर्च केला. घोडबंदरकर, मुलाला ओसामाचं सांगाल तेव्हा हेही सांगा.

एपीएमसीवाला

आफ्रिदीचं मला ऐकून माहीत होतं, पोलिओवाल्या बायकांचं नव्हतं. फोटो दाखवायलाच हवा होता हे माझं म्हणणं कायम आहे, खलाशी साहेबांनी पण तेच लिहिलंय. इजिप्तच्या पेपरातली ती २००१ ची बातमी कोणी मूळ अरबीत वाचली असेल तर इथं टाका.

घोडबंदरकर

सगळ्यांचे आभार. नौपाडा यांचा आवाजाचा मुद्दा आणि टेक्निशियन दादांचं १२० लिटर पाणी उद्या डब्यात सांगतो. आरोग्यसेविका ताई, तुमचं लिहिलेलं मुलाला आत्ताच वाचायला दिलंय, तो विचारतोय आफ्रिदीचं पुढं काय झालं.

दिघ्याची_आरोग्यसेविका

मे २०११ मध्येच पकडला त्याला. २०१२ ला ३३ वर्षांची शिक्षा झाली, नंतर ती २३ वर आणली. शिक्षा लसीच्या प्रकरणात नाही, एका अतिरेकी गटाशी संबंध असल्याच्या आरोपावरून दिली.